दोन रेघा

आमच्या पोव्हुआत माणसाआधी खूण जन्मते.
बापाची तीच मुलांची. फक्त थोरल्याला एक रेघ जास्त,
मधल्याला दोन,
आणि शेंडेफळाला बापाची खूण जशीच्या तशी, बिनरेघांची.
होडीवर, वल्ह्यावर, जाळ्याच्या बुचावर,
शेवटी थडग्यावरसुद्धा.

मी मधली. एतेल्विना. दोन रेघा.
अबीलिउला एक, झेफेरिनुला एकही नाही.
तू कोण, असं कुणी विचारलं की
तोंडात आधी रेघा येतात, नाव मागून.

पण रेघांचं काय,
त्या चाकूने कोरलेल्या, दिसतात तरी.

सहा वर्षांची होते.
दाराबाहेर बायका लेस विणत बसलेल्या,
लाकडी दांड्यांची टकटक, समुद्राकडून वारा.
मी एक दांडी उचलली. धागा तुटला.
ग्रासिंदा आत्या मान वर न करता म्हणाली,
"हिचे हात बापावर गेलेत. वल्ह्याचे हात."
बायका हसल्या. वाईट नव्हत्या हसल्या.
आईही हसली,
आणि माझे दोन्ही हात फ्रॉकखाली गेले.

एवढंच. सहा शब्द.
आत्याला संध्याकाळी आठवलंही नसेल,
तिला कोबीच्या सारात मीठ घालायचं होतं.
मी मात्र त्या वाक्यात राहायला गेले.
कप फुटला: बघ, हात.
वहीवर शाई सांडली: हात.
साखरपुड्याला अंगठी पेरावर अडली,
तोमे काहीच बोलला नव्हता,
मीच म्हटलं, सांभाळून रे, वल्ह्याचे हात आहेत.
मग त्यानेही तेच धरलं. लाडाने.
लाडाने म्हटलेलं जास्त खोल रुततं,
ओरबाडता येत नाही ना.

लेसच्या वाटेला पुन्हा गेले नाही.
जाळी सांधू लागले. जाळ्याला नाजूक बोटं लागत नाहीत,
असं मला वाटायचं.
चाळीस वर्षं वाटत राहिलं.

गेल्या हिवाळ्यात मनगट मोडलं.
प्लास्टर निघाल्यावर व्यायाम घ्यायला एक पोरगी आली, ब्रागाची,
माझा पंजा आपल्या तळव्यावर तोलत म्हणाली,
"किती हलकी बोटं तुमची! काय काम करता?"

राग आला मला. खरंच सांगते.
कुणी घरात शिरून
भिंत सरकवायला लागावं, तसा.
म्हटलं, फाइल बघा, दुसऱ्या कुणाची असेल.
तिला वाटलं, म्हातारी गंमत करतेय.

रात्री दिव्याखाली दोन्ही हात टेबलावर मांडले,
बाजारात मासे मांडतात तसे.
उलटे केले, सुलटे केले.
एवढ्या वर्षांत पहिल्यांदा नीट बघत होते,
आणि कुणाचे ते कळेना.

आत्याला विचारावं, तर ती कधीच गेली.
लोक तिला तिखट जिभेची म्हणत,
लहानपणापासून म्हणत.
कदाचित तीही तिथेच राहत असेल, दार लावून.

आता नात येते शाळा सुटल्यावर. इरिया. सात वर्षांची.
लाकडी सुई दोन्ही मुठींत धरून
जाळ्याला गाठ मारते. गाठ सुटते.
पुन्हा मारते. सुटते.
तिसऱ्यांदा सुटली, आणि माझ्या घशात
ते वाक्य वळवळलं, गळाला लागल्यासारखं,
ओळखीचं, सहा शब्दांचं,
अगदी लाडाचं.

पोर वर बघत होती.
डोळ्यांकडे नाही, माझ्या तोंडाकडे.
पोरं तिथेच बघतात,
आपण कोण ते आता बाहेर येईल म्हणून.

गिळलं. काट्यासकट.

"आजी, मला किती रेघा?"
"बघू," म्हटलं, "आधी ही गाठ."

चौथ्यांदाही सुटली.
आम्ही दोघी हसलो.
मी आधी नाही. ती हसली,
मग मी.